कॉस्मिअरमधील जादू व वाचकांचे तर्क

ब्रँडन सँडरसन (१९ डिसेंबर १९७५ – ) ह्या अमेरिकन लेखकाच्या एलान्ट्रिस (२००५), मिस्टबॉर्न मालिका (२००६ पासून), द वे ऑफ किंग्ज (२०१०) इ. अद्भुतरम्य कादंबऱ्या ज्या एका कल्पित विश्वात घडतात, त्यास ‘कॉस्मिअर’ म्हणतात. ह्या विश्वातील जादूचे प्रकार ग्रहागणिक वेगळे असले, तरी त्यांमागे मुख्यत्वे एका आदिशक्तीची सोळा शकले आहेत. जादूने कथेतील पेच सोडविण्याची लेखकाची क्षमता वाचकाला ती जादू किती उमगली आहे ह्यावर अवलंबून असते, असे तत्त्व सँडरसनने २००७ मध्ये मांडले. नियम असे उघड असल्याने वाचकांना त्यांवरून पुढील अनुमाने काढता येतात. द हीरो ऑफ एजिस (२००८) ह्या कादंबरीत धुक्यामुळे नेमके १६ टक्के सैनिक आजारी पडतात आणि हा आकडा एका दैवी शक्तीने ठेवलेली खूण ठरतो. वाचकांची चिकित्सक वृत्ती अशा खुणांवर पोसली जाते.

तथापि ह्या तर्कांना मर्यादा आहेत. ‘हेमलर्जी’ ह्या विद्येत धातूचा खिळा एकाच्या देहात ठोकून त्याची शक्ती दुसऱ्यास दिली जाते. कोणता धातू कोणती शक्ती हरण करतो, ह्याची कोष्टके मांडताना बळी गेलेला माणूस मात्र दृष्टीआड होतो. लेखकाची तोंडी उत्तरेच प्रमाण मानल्यास संहिताही दुय्यम ठरते. जादूच्या नियमांबरोबर तिचे नैतिक मोलही जोखणारा तर्कच समीक्षेच्या पातळीस पोहोचतो.