गिळायचा कॅमेरा आणि एक टक्केवारी

पोटातील रक्तस्राव शोधायला आता दुर्बीण नको, कॅमेऱ्याची गोळी गिळली की झाले, अशी समजूत सहज होते. तिला आधार म्हणून २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास दाखवता येईल. त्यात ८७ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले होते. सुरुवातीलाच कॅप्सूल दिलेल्या ४२ जणांपैकी २७ जणांत, तर नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या ४५ पैकी १४ जणांत रक्तस्रावाची जागा सापडली. म्हणजे ६४ टक्के विरुद्ध ३१ टक्के. फरक मोठा आहे. तरी दोन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला, रुग्ण कोणते? रक्ताची उलटी झालेले रुग्ण या अभ्यासात नव्हतेच. अशा रुग्णाचा रक्तस्राव बहुधा अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला असतो आणि तेथे तोंडावाटे घातलेली दुर्बीण पोहोचते. कॅप्सूलचे खरे क्षेत्र त्यापुढचे, लहान आतड्याचे कित्येक मीटर.

दुसरा, मोजले काय? तर जागा सापडणे. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली कॅप्सूल सेकंदाला दोन चित्रे घेई. आठ तासांची किती होतात, हे विद्यार्थ्यांना काढू द्या. उत्तर येईल ५७,६००, आणि ती कोणीतरी पाहावी लागतात. शिवाय कॅप्सूल आतड्याच्या हालचालीने पुढे सरकते. ती रक्तस्राव थांबवू शकत नाही. दुर्बिणीतून मात्र औषध टोचता येते, क्लिप लावता येते. तुटलेला धागा दिसणे वेगळे आणि गाठ मारणे वेगळे, हे भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही आढळतो. त्याने आतडे अरुंद झाले असेल तर कॅप्सूल अडकते; कधी ती काढायला शस्त्रक्रिया करावी लागते.

म्हणून कॅप्सूल निरुपयोगी ठरत नाही. वरून व खालून दुर्बीण घालूनही जागा सापडली नाही, तर ती मोलाची आहे. पण भिवंडीत कोणाला रक्ताची उलटी झाली, किंवा डांबरासारखी काळी शौच होऊन चक्कर आली, तर गोळीची चौकशी करत बसू नये. रक्त देण्याची व दुर्बिणीची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठावे. टक्केवारी शिकवताना ती कोणाची आणि कशाची, हे विचारण्याची सवय वर्गात लागली, तर ती अशा वेळी उपयोगी पडेल.