एकाच वावरातली दोन विषं

पहिला संशोधन-प्रस्ताव लिहायला बसलात, की लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजिनचं नाव कधी ना कधी कानावर येईल. संस्था 1907 ची. पहिले अध्यक्ष पॅट्रिक मॅन्सन. सिकंदराबादला 1897 मध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे रोनाल्ड रॉसही पुढे अध्यक्ष झाले. नियतकालिक, परिषदा, पदकं ही कामं दरवर्षी चालतातच. पण तुमच्या-माझ्या उपयोगाचा भाग म्हणजे नवख्या संशोधकांना मिळणारी छोटी अनुदानं. 5,000 पौंडांपर्यंत, म्हणजे पाचेक लाख रुपये, साधारण वर्षभरासाठी.

आधी चांगलं सांगतो. मोठ्या अनुदानाला अर्ज केला की पहिला प्रश्न येतो, याआधी कोणतं अनुदान मिळालं होतं? नवख्याने यावर काय लिहायचं? ही योजना नेमकी त्या कोंडीत सापडलेल्यांसाठी आहे. पाच लाखांत प्रयोगशाळा उभी राहत नाही, पण दहा-पंधरा गावांचा सर्व्हे आणि एका क्षेत्र-सहायकाचा पगार निघतो. प्रस्तावावर तुमचं नाव पहिलं असतं, गाइडचं नाही. ही गोष्ट किती मोठी आहे ते पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला कळतं.

आता तक्रार. यवतमाळचं कापसाचं वावर डोळ्यांसमोर आणा. जून ते ऑक्टोबर. याच दिवसांत पान लागण्याची भीती सगळ्यात जास्त (साप चावला असं इकडे सरळ म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात). रानडुकरं आणि रोह्यांपासून पीक राखायला माणूस जागलीला जातो, जमिनीवर झोपतो, आणि मण्यार रात्रीच फिरते. याच दिवसांत कपाशीवर फवारणीही चालू असते. माणूस तोच, वावर तेच, महिने तेच आणि शेवटी दवाखानाही तोच.

वर्षभराचं अनुदान म्हणजे हाताशी एकच खरीप. पाऊस लांबला किंवा बोंडअळी आली, की तुमचा सगळा डेटा त्या एका हंगामाचा होऊन बसतो, तुलनेला दुसरा नाही. प्रयोगशाळेत वर्ष बारा महिन्यांचं असतं, वावरात ते चार-पाच महिन्यांचंच. हे लंडनमध्ये बसून लक्षात येणं अवघड आहे, मान्य.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. जून 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतलं. योग्यच केलं, भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सरासरी 58,000 माणसं दरवर्षी गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच 2017 च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. ही विषबाधा त्या यादीत नव्हती, आजही नाही. एकाच पावसाळ्यात एक विष ‘ट्रॉपिकल मेडिसिन’ झालं. दुसरं शेतीखातं, पोलीस आणि नुकसानभरपाईच्या फायलींत गेलं.

शरीराला ही वाटणी कळत नाही. नागाचं विष स्नायूंवरची ॲसिटिलकोलिनची जागा अडवतं, म्हणून श्वास बंद पडू लागतो. तिथे प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन देतात. निओस्टिग्मिन ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या एन्झाइमला थोपवतं, म्हणजे ॲसिटिलकोलिन वाढतं. आता गंमत बघा, ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक तेच एन्झाइम थोपवतं! एका रुग्णाचं औषध आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचं विष एकाच एन्झाइमवर काम करतं. ॲट्रोपिन मात्र दोघांनाही लागतं. वावरात बेशुद्ध सापडलेला माणूस समोर आला की डॉक्टरला काही मिनिटांत ठरवावं लागतं, हे पान लागलंय की फवारा? हा अभ्यासाचा अस्सल विषय आहे, आणि तो दोन खणांच्या मधोमध पडतो.

‘पण ग्लोबल हेल्थ हा शब्द योजनेत आहे ना?’ आहे. दार बंद नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. कीटकनाशकाचा प्रस्ताव त्या शब्दात बसवता येतो. अडचण अशी की दार उघडं असूनही आपण आत जात नाही. माझ्या प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात दोन्ही विषं होती. चौथ्या मसुद्यात फक्त साप उरला. कुणी काढायला सांगितलं नव्हतं. मीच म्हटलं, सर्पदंशाला यादीचा आधार आहे, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं जागतिक उद्दिष्ट आहे, प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद आयता मिळतो. फवारणीसाठी तो परिच्छेद मलाच उभा करावा लागला असता. आळस म्हणा किंवा हिशेब म्हणा. दरवर्षी असे किती अर्जदार आपला प्रश्न आपल्याच हाताने छाटत असतील, ते संस्थेला कधी दिसणार नाही, कारण तिच्याकडे पोचतो तो छाटलेलाच अर्ज.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण खाटेशेजारी बसून बघत राहिले. रक्तदाबाचं प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांना जीव वाचवताना दिसलं, आणि 1986 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तो प्रश्न यादीतून आलेला नव्हता. (म्हणून अनुदान नको असं कुणी म्हणू नये. एका माणसाच्या चिकाटीवर व्यवस्था चालत नसते.)

संस्थेकडून मला दोन गोष्टी हव्यात. हंगामी विषयांना दोन पावसाळ्यांची मुदत द्यावी, रक्कम तेवढीच राहिली तरी चालेल. आणि अर्जात एक रकाना असावा: तुमच्या भागातली कोणती गोष्ट तुम्ही या प्रस्तावातून वगळली, आणि का? मला तो रकाना भरताना घाम फुटला असता.

तोपर्यंत तुम्ही अर्ज करणार असाल, तर चौथा मसुदा पाठवण्याआधी पहिला शेजारी ठेवून वाचा. माझा पहिला अजून लॅपटॉपमध्ये आहे. पाचवा त्याच्यावरूनच लिहितोय.