तारीख नवी, म्हणून फाइल खरी?

वाशीम जिल्ह्यात शेती असलेल्या कुणालाही सातबारा समजावून सांगावा लागत नाही. नाव बदलायचं तर त्यावर थेट खाडाखोड चालत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, मग सातबारा. उतारा आज काढला म्हणून त्यावरची नोंद खरी, असं आपण धरत नाही. शेजारचा फेरफार क्रमांक बघतो.

सॉफ्टवेअरमध्येही असे उतारे असतात. व्याकरणाच्या नियमांची फाइल आपण लिहितो आणि बायसन हे साधन तिच्यातून सी भाषेतला कोड तयार करतं. मूळ फाइल बदलली की तो कोड पुन्हा तयार करून घेण्याचं काम ‘मेक’चं. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये ते लिहिलं. त्याची कसोटी एकच: मूळ फाइल जास्त नवी आहे का? असेल तरच पुन्हा तयार करा. कल्पना साधी आहे, वेळही वाचवते. पण माझा आक्षेप इथंच आहे. मेक तारीख बघतं, फेरफार क्रमांक बघत नाही.

तयार झालेल्या फाइलमध्ये कुणी हातानं बदल केला, तर तिची तारीख आणखी नवी होते आणि मेक गप्प बसतं. उलट, गिट फाइलींच्या जुन्या वेळा जपत नाही. त्यामुळे ताज्या प्रतीत काही न बदलताही मेक कधीकधी बायसन शोधू लागतं. ज्याच्याकडे ते नाही, त्याचं बिल्ड अडतं.

बेझेल तारखेऐवजी मजकुराचा हॅश बघतं, हे नक्कीच पुढचं पाऊल. पण आयती आणून ठेवलेली फाइल त्यालाही मूळच वाटते.

आता २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण बघा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये बिल्डची एक फाइल होती, तिचं ते रूप गिटमध्ये नव्हतंच. तिच्यातून बॅकडोअर आत शिरलं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ते सापडलं. २९ मार्चला जगाला कळलं. तारखांच्या कसोटीत हे सापडणारच नव्हतं.

म्हणून तयार फाइल सोबत द्यायला हरकत नाही. पण प्रकाशनाआधी दुसऱ्या मशीनवर, साधनाची तीच आवृत्ती वापरून, गिटमधल्या मुळातून ती पुन्हा काढा आणि दोन्ही जुळवून बघा. फरक निघाला, तर कारण कळेपर्यंत प्रकाशन थांबवा.