कारकुनाचं जंगल

चित्रकलेतलं मला काही कळत नाही. बी. कॉम. झालेल्या माणसाला ते कळू नये, अशी चोख व्यवस्था विद्यापीठानंच केलेली असते. म्हणून चिरंजीवांनी आंरी रूसोच्या ‘भुकेला सिंह हरणावर झडप घालतो’ या चित्राची छापील प्रत जेवणाच्या टेबलासमोर लावली, तेव्हा सौ. म्हणाली, “हे समोर असताना घास उतरायचा कसा?” आणि मी म्हणालो, “रंग बरे आहेत.”

पुढं कळलं, की हा रूसो पॅरिसच्या जकात नाक्यावर कारकून होता! दोन दशकं तिथं काढून 1893 साली नोकरीतून मोकळा झाला आणि चित्रं काढत बसला. कलाशाळेची पायरी चढला नाही, फ्रान्सबाहेर पाऊल टाकलं नाही. झाडं पाहिली ती पॅरिसच्या बागेत, आणि हा सिंह उचलला तो तिथल्याच संग्रहालयातला, पेंढा भरलेला. म्हटलं, हा तर आपला माणूस. खुर्ची वळवून चित्र नीट पाहिलं.

1905 सालचं मूळ चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. मधोमध सिंहानं हरणाच्या अंगात दात रोवलेत. एवढं कुणीही काढील. खरी गंमत कडेला आहे. पानांआडून एक बिबळ्या आपल्या वाट्याची वाट बघतोय. वर एक घुबड, आणि त्याच्या चोचीत मांसाचा लचका आधीच लोंबतोय! साहेबांचा पहिला घास गिळून व्हायचाय, तोवर याचं कमिशन जमा. असलं घुबड नाक्यावर नोकरी केलेल्यालाच सुचणार. प्रदर्शनाच्या यादीत रूसोनं चित्राच्या नावापुढं सारी हकिगतच लिहून दिली होती: सिंह खातो, बिबळ्या टपून बसतो, हरीण आसवं गाळतं आणि शेवटी सूर्य मावळतो. म्हणजे कामकाज संपलं, कचेरी बंद.

हा विनोद त्याला स्वतःला कळत होता का, अशी शंका जाणकारांना येते. 1907 साली तो बँक ऑफ फ्रान्सच्या फसवणुकीत अडकला. 1909 च्या खटल्यात वकिलानं त्याचं चित्रच कोर्टापुढं धरलं. असली चित्रं काढणारा भाबडा जीव कसली लबाडी करणार, असा मुद्दा! दोन वर्षांची कैद आणि 100 फ्रँक दंड झाला, पण शिक्षा स्थगित राहिली. बँकवाला म्हणून मी खरं तर बँकेच्या बाजूनं असायला हवं. पण आपली कला हाच आपल्या खुळेपणाचा पुरावा म्हणून ऐकत उभं राहायचं, ही शिक्षा काही स्थगित झाली नव्हती. आणि ज्याला ते घुबड दिसलं, त्याला भाबडा म्हणायला मी तयार नाही.

सौ.नं आता जेवताना जागा बदलली आहे. मी मात्र रोज चित्रात स्वतःला शोधतो. इतकी वर्षं वाटायचं, आपण हरीण. पण हरीण तर काउंटरपलीकडचा खातेदार. सिंह व्हायला प्रमोशन लागतं, घुबड व्हायला धाडस. मग मी कोण? परवा सापडलो. रूसोनं एकेक पान निगुतीनं रंगवलंय ना, त्यातलं एक. समोर एवढं सगळं घडतंय आणि आपण आपले हिरवेगार.