‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ : आवाज कोणाचा?

‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ (२०१९, दिग्दर्शक अँथनी व जो रूसो) हा १८१ मिनिटांचा उत्तरभाग आज पुन्हा पाहताना शेवटच्या लढाईपेक्षा पहिला तास अधिक टिकाऊ वाटतो. हरलेले महानायक इथे लढण्यापेक्षा बोलतात जास्त. स्टीव्ह शोकाकुल लोकांच्या बैठकीत बसतो, टोनी मुलीला झोपवतो. असे प्रसंग संवादांवर आणि आवाजावर उभे असतात.

म्हणून तमिळ आवृत्तीचा विचार करू. तिचे संवाद ए. आर. मुरुगादोस यांचे, तर टोनीचा आवाज विजय सेतुपती यांचा. ट्रेलर येताच अनेक चाहते नाराज झाले. ही नाराजी रास्त होती : इतका ओळखीचा आवाज कानी पडला की पात्र मागे सरते आणि नट पुढे येतो.

तरीही चेन्नईच्या अण्णा नगरातल्या तमिळ मुलाला नावे ठेवायला स्वतःच्या भाषेतली आवृत्ती होती. चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. मराठीत आला नाही. त्यामुळे तिथल्या काय किंवा पुण्यातल्या काय, मराठी मुलाला अशी तक्रार करण्याची संधीच मिळाली नाही.

विचार करा : मुलीला झोपवताना टोनी मराठीत बोलला, तर त्याची बोली कोणती असेल?