‘प्रवास’, ‘खेप’ आणि ‘हेलपाटा’

२०११ च्या जनगणनेतील कामावर जाण्यायेण्याचे कोष्टक घरापासून कामाच्या जागेपर्यंतचे अंतर आणि तेथे जाण्याचे साधन अशा दोन अंगांनी रचलेले आहे. पायी, सायकल, मोटारसायकल, रिक्षा, बस, आगगाडी असे त्याचे रकाने आहेत. परंतु हे कोष्टक केवळ ‘इतर कामगार’ या वर्गाचे आहे. शेतकरी व शेतमजूर त्यात नाहीत. मुंबईच्या बाबतीत या वगळण्याने फारसे बिघडत नाही. बीड जिल्ह्यातील कामकऱ्यांपैकी बहुसंख्य मात्र याच दोन वर्गांत मोडतात. तेव्हा तेथील कोष्टक शिक्षक, कारकून, दुकानदार व गवंडी यांच्या जाण्यायेण्याचे ठरते, जिल्ह्याचे नव्हे.

हा दोष केवळ जनगणनेच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. प्रमाण मराठीही तेच करते. पाटोदा-शिरूरकडील शेतवस्तीवरची बाई दळण घेऊन गावात येते, तेव्हा तिने ‘प्रवास’ केला असे कोणी म्हणत नाही. तो शब्द तिकिटाशी आणि मुक्कामाशी बांधलेला आहे. नित्याच्या चालण्यासाठी बोलीने निराळे शब्द राखले आहेत आणि ते अधिक चोख आहेत. ‘खेप’ म्हणजे ओझ्यासह केलेली फेरी. पाण्याच्या चार खेपा म्हटल्या की अंतर कळत नाही, पण डोक्यावर काय होते ते कळते. ‘हेलपाटा’ म्हणजे निष्फळ ठरलेले जाणे. तहसील कचेरीतून दाखला घेऊन परतलेला आणि साहेब न भेटल्याने रिकाम्या हाताने परतलेला, दोघांचे किलोमीटर सारखेच भरतात. कोष्टकाला हा भेद ठाऊक नाही, भाषेला आहे. तथापि भाषेचे गोडवे गातानाही सावध राहावयास हवे. ‘खेप’ कोणाच्या वाट्याला येते हे तो शब्द सांगत नाही. जनगणनाही सांगत नाही: ग्रामीण भागात ५०० मीटरांपलीकडील पाणी ‘दूर’ म्हणून घरयादीत नोंदले जाते, पण ते कोण आणते हा प्रश्न तेथे नाही.

स्वीडिश भूगोलज्ञ टोर्स्टेन हेगरस्ट्रँड यांनी १९७० मध्ये माणसाच्या हालचालीवरील बंधने तीन प्रकारची मानली: शरीराची व साधनांची, इतरांशी वेळ जुळविण्याची, आणि अधिकाराची. गावात रात्री वस्तीला राहून पहाटे सुटणारी ‘मुक्कामी गाडी’ हे दुसऱ्या बंधनाचे नमुनेदार उदाहरण होय. अंबाजोगाईच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा दिवस त्या गाडीच्या वेळेने आखला जातो. ती चुकली तर घरातून मोटारसायकल मिळणे, म्हणजेच भाऊ रिकामा असणे, आवश्यक ठरते. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले. सवलत मोलाचीच आहे, पण ती गाडी जेथवर येते तेथवरच पोहोचते. फाट्यापासून तांड्यापर्यंतच्या वाटेवर तिचा उपयोग नाही आणि काळी-पिवळीत भाडे पूर्णच पडते. बीड शहराला १७ सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वे मिळाली, तिच्याविषयीही हेच विचारावे लागेल: स्थानकापर्यंत कोण, कशाने जाणार?

सर्वांत अवघड प्रकरण ऊसतोडीचे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोडपी ‘कारखान्याला’ जातात ती मार्च-एप्रिलात परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. या काळात घर म्हणजे कोपी, आणि नित्याची वाट म्हणजे कोपीपासून फडापर्यंत, बहुधा पहाटेच्या अंधारात. ही हालचाल स्थलांतराच्या अभ्यासात ‘हंगामी’ म्हणून येते आणि दैनंदिन प्रवासाच्या अभ्यासात येतच नाही. वस्तुतः ती दोन्ही आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली, म्हणजे ऐन गाळपात. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. तेव्हाही बीडच्या कितीतरी घरांना कुलपे असतील, आणि त्यांतील माणसे फडात.