रडायला खोली कुणाला? 'अमृतवेल' वाचताना

खांडेकरांची 'अमृतवेल' मी फाडून काढण्यासाठीच हातात घेतली होती, हे आधी सांगून टाकतो. १९६७ सालची कादंबरी. लेखक पुढं 'ययाति'साठी ज्ञानपीठ मिळालेला. पानोपानी सुभाषितं, त्याग, उदात्त वगैरे. आपल्या अंकात हिची चांगली सालपटं काढायची असं ठरवून पाळी सुटल्यावर वाचायला बसलो.

पुस्तक मिळालं वस्तीतल्या एका वहिनीकडून. तिचा नवरा आमच्याच खात्यात होता. दोन वर्षांमागं वारला. पुस्तकाची पानं वाचून वाचून मऊ झालेली. मी म्हटलं, "वहिनी, पांढरपेशांचं हे प्रेमप्रकरण तुम्ही तीनदा वाचलं?"

ती म्हणाली, "हासा भाऊजी. पन त्या नंदाले रडाले खोली भेटली. मले कुठी भेटली?"

तिथं माझा ठरवलेला लेख मोडला. हा दुसरा लेख आहे.

कथा थोडक्यात अशी. नंदाचं लग्न शेखरशी ठरलेलं. शेखर विमान अपघातात जातो. नंदाला जगणं नकोसं होतं. वडील तिला धीर देतात. पुढं ती वसुंधरेकडं सोबतीण म्हणून राहायला जाते. वसुंधरेचा नवरा देवदत्त पैसेवाला, पण लहानपणचा घाव मनात घेऊन जगणारा. नवराबायकोत भिंत उभी. त्यांच्या दुःखात शिरता शिरता नंदाचं स्वतःचं दुःख हलकं होत जातं. प्रेम स्वतःपासून सुरू होतं, पण तिथंच थांबलं तर ते नासतं, ते दुसऱ्याकडं वाढलं पाहिजे, हा खांडेकरांचा विचार.

हा विचार खोटा नाही. आपण तो केवळ लेखकाचं नाव बघून फेकून देऊ नये. घाव झालेला माणूस दुसऱ्याच्या घावावर हात ठेवतो तेव्हा त्यालाही बरं वाटतं, हे आपण रोज वस्तीत बघतो.

माझं भांडण पुढं आहे. ही वेल वाढते किती? बंगल्याच्या कुंपणापर्यंत. नंदाला दुःख करायला वेळ मिळतो, वाचायला पुस्तकं मिळतात, समजावणारा शिकलेला बाप मिळतो. या सगळ्याला पैसा लागतो, फुरसत लागते. खांडेकर हे कुठंच हिशेबात धरत नाहीत. त्यांना वाटतं, नंदा बरी झाली ती विचारांनी. मी म्हणतो, विचारांआधी तिला दोन वेळचं जेवण आणि दार लावून घेता येईल अशी जागा होती. आमच्या वहिनीनं जलदान विधी उरकला आणि चौथ्या दिवशी ती कापूस वेचायला गेली. दुःख संपलं म्हणून नव्हे, डबा रिकामा होता म्हणून.

आता आपल्याच मुलखातली दुसरी कादंबरी घ्या. उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० सालची. अमरावतीकडचं खेडं, गरीब शिंप्याचं घर, तोंडात अस्सल वऱ्हाडी बोली. कौतिक राब राब राबते. नवरा महादेव, त्याला महारोग होतो. कौतिकचं प्रेम म्हणजे चांदण्यातलं बोलणं नाही. नवऱ्याला, लेकरांना जगवणं हेच तिचं प्रेम. आणि शेवटी ती कोसळतेच. शेळके तिला बरी करत नाहीत, कारण जे तिला मोडतंय ते थांबलेलंच नाही. 'अमृतवेल'मध्ये घाव एकदा बसतो आणि मग माणूस बरा व्हायला लागतो. 'धग'मध्ये घाव रोज बसतो. जखमेवर मलम लावायचं आणि लाठी चालूच ठेवायची, याला कोणी बरं होणं म्हणेल काय? म्हणून मला 'धग' मोठी वाटते. कौतिक आपल्या जातीची नाही, पण तिचं दुःख आपल्याला ओळखता येतं.

इथपर्यंत तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल. आता आपल्याकडं वळतो.

आपले अंक काढून बघा. आग आहे, शिवी आहे, सूर्य आहे. पण नवरा गेलेली बाई रात्री काय करते, यावर एक कविता नाही. कुणी प्रेमाची कविता वाचली की आपण म्हणतो, "हा सदाशिव पेठेत गेला." १९८४ साली मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. पँथर कवीवर प्रेम केलेल्या बाईनं संसारातला घाव मांडला. बाहेर विद्रोह करणाऱ्या माणसाच्या घरात काय चालतं, असा तो सवाल होता. तो एका घरापुरता नव्हता, आपल्या प्रत्येकाच्या चुलीपर्यंत येणारा होता. आपल्या किती बैठकांत त्यावर चर्चा झाली?

काही दोस्त म्हणतील, चळवळीत खाजगी दुःख गिळायचं असतं. दाखला देतील याच अमरावतीचा. १३ नोव्हेंबर १९२७, इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद, अध्यक्ष बाबासाहेब. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. आणि तिथंच थोरले भाऊ बाळाराम गेल्याची बातमी आली. तरी काम थांबलं नाही. खरं आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षीचं विसरू नका. जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला. चार लेकरं गेलेल्या त्या बापानं ऑगस्टमध्ये दत्तोबा पवारांना पत्र लिहून आपलं मन मोकळं केलं. ज्यांनी परिषद चालू ठेवली त्यांनीच मित्राजवळ दुःख सांगितलं. दोन्ही बाबासाहेबच. आपण सोयीनं एकच उचलतो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये किसा गौतमी आहे. मेलेलं लेकरू घेऊन ती औषध मागत येते. बुद्ध मोहरी आणायला सांगतात, पण जिथं कुणी मेलं नाही अशा घरातली. ती दारोदार फिरते. तिला मोहरी मिळत नाही. प्रत्येक दारात तिच्यासारखाच माणूस मिळतो. मला तर हीच खरी बरं होण्याची गोष्ट वाटते. नंदाला एक बंगला मिळाला, गौतमीला सगळं गाव. आणि तिला कुणी "रडू नको, चळवळ बघ" असं म्हटलं नाही.

आपल्याला अशी कादंबरी पाहिजे. जिच्यात प्रेम असेल, पण मजुरीचा हिशेबही असेल. जिच्यात बाई बरी होईल, पण तिला मोडणाऱ्याचं नावही लिहिलेलं असेल. ती खांडेकर लिहू शकले नाहीत. आपणही अजून लिहिलेली नाही, हे कबूल करू.

तोवर एक काम करता येईल. आपल्यातला कुणी गेला की शोकसभा घेऊन आपण मोकळे होतो. महिन्याभरानं त्या घरी पुन्हा जाऊ. भाषण न करता बसू, ऐकू. वहिनीला मी पुस्तक परत केलं तेव्हा म्हटलं, तुमचं तुम्हीच लिहा. ती म्हणाली, "लिहीन, पन बसू कुठी?"

पुढच्या अंकाच्या बैठकीत पहिला विषय हाच घ्यावा, अशी माझी सूचना आहे. जय भीम.